जूनची घाई कोणाला आहे?

ताई,

मी २५ वर्षांची. घर वसईच्या एका गावात. बाबांची केळीची आणि फुलांची वाडी आहे, धाकटा भाऊ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी मुंबईत एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. शिक्षणाच्या कर्जाचे १ लाख ८० हजार अजून फेडायचे आहेत. दोन वर्षांपासून सिस्टर, म्हणजे मठातली व्रतस्थ नन, व्हावंसं वाटतंय. मागच्या पाचारण रविवारच्या रिट्रीटमध्ये, म्हणजे देवाच्या हाकेवरच्या प्रार्थना शिबिरात, मी तासभर रडले. प्रभू मलाच बोलावतोय, सगळं लख्ख झालं, असं वाटलं. मग महिनाभर काहीच वाटलं नाही, जपमाळ हातात धरवेना. एकदा नाइटला पहाटे तीनला एक आजी गेल्या. त्यांचं कोणी जवळ नव्हतं, मी हात धरून बसले होते. एका संस्थेच्या सिस्टर म्हणतात, जूनमध्ये नवीन मुली येतायत, तूही ये, देवाला वाट बघायला लावू नकोस. घरी सांगितलं तर आई दोन दिवस जेवली नाही. त्यातच कॅनडातल्या मुलाचं स्थळ आलंय. मुलगा खरंच चांगला आहे, आम्ही फोनवर बोलतो. आणि एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी माझं एका मुलाशी ठरत आलेलं मोडलं. मी पळतेय का? रोज देवाकडे खूण मागते, मिळत नाही. देवाचा आवाज कुठला आणि माझ्या मनाचा कुठला, हे कसं ओळखू?

— गोंधळलेली

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रिट्रीटमधल्या रडण्यावर तू भरभरून लिहिलंयस आणि त्या आजींवर दोनच ओळी. मी मात्र त्या दोन ओळींपाशी थांबले. तिकडे परत येईनच. आधी जूनचं बोलू, कारण त्या एका शब्दाने तुझी झोप उडवलेली दिसते.

जूनमध्ये जाऊ नकोस. या जूनमध्ये तर नक्कीच नाही.

तुझं पाचारण खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. ते खरं असेल तर पुढच्या जूनलाही असेल. घाईबद्दल मी एवढ्या ठामपणे का बोलते तेही सांगते. मी स्वतः २३व्या वर्षी एका संस्थेत दाखल झाले होते. मला घेऊन जाणाऱ्या सिस्टर मनाने फार चांगल्या होत्या, पण त्यांना घाई होती आणि मला ती घाई देवाची वाटली. माझे प्रश्न मी घरीच ठेवून गेले. उमेदवारीचं दीड वर्ष गेलं, नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा तयारीचा काळ, सुरू झाला आणि तिथल्या शांततेत ते सगळे प्रश्न एकेक करून माझ्यापुढे येऊन बसले. नवव्या महिन्यात मी परत आले. ज्यांनी मला जा म्हटलं होतं त्यांच्यापैकी कुणीही नंतर माझ्याशी बसून बोललं नाही. ते दुःख तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

तुझ्या कर्जाबद्दल त्या सिस्टरांनी विचारलं का? तुझ्या पत्रात तसं दिसत नाही. कॅथॉलिक चर्चच्या धर्मनियमांत स्पष्ट लिहिलंय की ज्या व्यक्तीच्या डोक्यावर न फेडता येण्याजोगं कर्ज आहे तिला नोव्हिशिएटला घेऊ नये. तुला तुझं कर्ज फेडता येतंय, पण ते पगारातून, आणि संस्थेत गेल्यावर पगार तुझा राहत नाही. व्रतस्थ माणूस स्वतःच्या कामातून जे मिळवतो ते संस्थेचं होतं. मग हप्ते कोण भरणार? बाबा, फुलांच्या पैशांतून? ते तुला झोपू देणार नाही आणि देऊही नये. तेव्हा पहिलं काम अगदी साधं आहे: कर्ज फेड. दीड-दोन वर्षं लागतील. हे दिवस वाया जाणार नाहीत, कारण तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर याच दिवसांत सापडणार आहे.

आता तो मोठा प्रश्न, देवाचा आवाज आणि मनाचा आवाज.

पाचशे वर्षांपूर्वी एका जखमी शिपायाला हाच प्रश्न पडला होता. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पुढे संत झालेल्या इग्नेशियसचा पाय मोडला आणि तो लोयोलाच्या वाड्यात महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या तर घरात मिळालं प्रभूचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एकात तो एका उच्च कुळातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवायचा, दुसऱ्यात फ्रान्सिस आणि डॉमिनिक या संतांसारखा अनवाणी निघायचा. रंगवताना दोन्ही गोड लागायची. फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न सरलं की मन कोरडं पडायचं, दुसरं सरल्यावरही आनंद मागे उरायचा. बऱ्याच दिवसांनी हा फरक त्याच्या ध्यानात आला आणि पुढे त्याने लोकांना जे शिकवलं त्याचा पाया तिथे पडला. एखादा विचार येताना कसा लागतो एवढ्यावर जाऊ नकोस. तो गेल्यावर तोंडात काय चव राहते ते बघ.

आता तुझं पत्र या नजरेने वाच. रिट्रीटमध्ये तासभर अश्रू आणि मागे महिनाभर कोरड. अश्रू खोटे होते असं मी म्हणत नाही. गाणी, मेणबत्त्या, मध्यरात्रीची आराधना, बरोबरीच्या मुली, या सगळ्यात मन भरून येतंच आणि देव त्यातूनही बोलतो. पण इग्नेशियसने दोन गोष्टी बजावून ठेवल्यात. मन भरून आलेलं असताना घाईने वचन देऊ नये, आणि मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय फिरवू नये. म्हणजे त्या रात्री तू नवस बोलली असशील तर तो धरून बसू नकोस. आणि नंतरच्या महिन्यात ‘छे, हे आपलं नाही’ असं वाटलं असेल तर तेही धरू नकोस.

आणि त्या आजी? तू पुढे काहीच लिहिलं नाहीस, पण पत्रात ती गोष्ट आली, तीही कुणी न विचारता. मला जाणून घ्यायचंय: घरी येताना लोकलमध्ये काय वाटत होतं? चार दिवसांनी काय वाटलं? आज आठवल्यावर काय वाटतं? तिथे ना गाणं होतं, ना मेणबत्ती, ना तुला कुणी बघत होतं. त्या आठवणीत आजही तुला स्वस्थ वाटत असेल तर त्या खुर्चीवर बसून प्रार्थना कर. देवाकडे आकाशातली खूण मागण्याआधी जे मिळून गेलंय ते नीट बघ.

रोज रात्री, किंवा नाइट असेल तेव्हा सकाळी, दहा मिनिटं काढ. दिवसभरात जीव कधी मोकळा झाला, कधी आवळला, एवढंच वहीत दोन ओळींत लिही. सिस्टर व्हायचं की नाही हे त्या वहीत लिहूच नकोस. सहा महिन्यांनी पहिल्या पानापासून वाच. मी हे खूप मुलामुलींना करायला सांगितलंय आणि वही वाचताना बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपल्याला काय हवंय असं आपण सांगत असतो आणि वहीत काय दिसतं यात अंतर पडतं.

एक सावधगिरीची गोष्ट. मरणाऱ्या माणसाचा हात धरणं हे नर्स म्हणूनही करता येतं, लग्न करूनही करता येतं. व्रतस्थ जीवन म्हणजे एखादं काम नाही. उद्या तुला सांगितलं की हॉस्पिटल सोड आणि झारखंडमधल्या एका मुलींच्या होस्टेलचे हिशेब बघ, तर? आज्ञापालनाच्या व्रताचा अर्थ असाच, रोजचा आणि साधा असतो. निर्धनता म्हणजे चप्पल तुटली तर नवीन घेण्यासाठी विचारावं लागणं. ब्रह्मचर्य म्हणजे नुसतं लग्न न करणं नाही. रविवारी संध्याकाळी आपलं म्हणून कुणी नाही, हे दर रविवारी प्रभूच्या हवाली करणं. आणि हे सगळं अशा पाच-सहा बायकांबरोबर, ज्यांना तू निवडलेलं नाहीस. काम काढून घेतलं, पांढरा झगा काढून घेतला, गावातला मान काढून घेतला, तरी प्रभूसाठी एवढं करावंसं वाटतं का? आज ‘हो’ नाही आलं तरी घाबरू नकोस. प्रश्न जवळ ठेव.

आता ते मोडलेलं लग्न. तू स्वतःच विचारलंस म्हणून बोलते. दोन वर्षांपूर्वी ते मोडलं आणि दोन वर्षांपासून सिस्टर व्हावंसं वाटतंय, हे तुझ्याही नजरेतून सुटलेलं नाही. याचा अर्थ आपोआप पळवाट असा होत नाही. एक दार लागलं म्हणून दुसरं दिसलं, असं संतांच्याही बाबतीत झालंय. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सियाच घे. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले, तिथे वर्षानुवर्षं धर्मशिक्षक म्हणून राबले, आपल्याला संघात घ्यावं म्हणून वाट बघितली. घेतलं गेलं नाही. मग ते व्यापारात पडले, पैसा आला, ओळखी झाल्या, आणि मनातली हुरहुर काही गेली नाही. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून घेतलं. पुढे दुभाषी होऊन ते पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर त्यांनी प्राण दिला. १८६२ मध्ये ते संत झाले. त्यांच्या सणाला आपण हौतात्म्याबद्दल ऐकतो. मला त्या व्यापाराच्या वर्षांबद्दल ऐकायला आवडलं असतं. नकार मिळालेला, धंदा चांगला चाललेला आणि आत काहीतरी जागं, अशी ती वर्षं. तुझी पुढची दोन वर्षं साधारण तशीच असणार आहेत.

पळतेय की नाही हे कसं कळेल? त्या मुलाचं लग्न ठरल्याचं उद्या कानावर आलं तर पोटात काय होईल ते बघ. मठाचा विचार करताना डोळ्यांपुढे कोण येतं ते बघ: प्रभू, की ‘मी सिस्टर झाले हे त्याला कळेल तेव्हा’ हे चित्र? जखम ओली असेल तर ती आधी भरू दे. गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा, त्यात विश्वासाची कमतरता नाही. आणि जाशील तिथे हे लपवू नकोस. चांगल्या संस्थेत आधीच्या प्रेमाबद्दल कुणी दचकत नाही.

आईबद्दल लिहायला मला जड जातं, कारण माझी आईही अशीच जेवायची थांबली होती. तिच्याशी वाद घालू नकोस, ‘देवाच्या इच्छेआड येतेस’ हे वाक्य तर चुकूनही तोंडातून काढू नकोस. मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने चांगलंच सुनावलंय. देवाचं नाव पुढे करून घरची जबाबदारी टाळता येत नाही. पण आईला वाईट वाटतंय म्हणून तिचं दुःख म्हणजे देवाचा नकार, असंही नाही. जबाबदारी आणि दुःख वेगवेगळं मोज. जबाबदारी मोजता येते: कर्ज किती, भावाच्या शिक्षणाची किती वर्षं उरली, बाबांची तब्येत कशी, घरात तुझ्या पगारातून नेमकं काय चालतं. हे कागदावर मांड आणि बाबांपुढे ठेव. दुःखाला मात्र वेळ आणि सोबत लागते. आईला एखाद्या रविवारी एका मठात घेऊन जा, चहाला. कसलाही निर्णय सांगायला नको. बायका एकत्र कशा राहतात, स्वयंपाक कोण करतं, आजारी पडल्यावर कोण बघतं, हे ती तिच्या डोळ्यांनी बघेल. तिला नक्की कशाची भीती वाटते हे तू विचारलंस का? माझ्या आईला म्हातारपणी मला कोण विचारेल ही भीती होती. मला ती परत आल्यावर कळली.

मठात गेलीस की तूही नजर उघडी ठेव. तरुण मुलींपेक्षा म्हाताऱ्या सिस्टरांकडे बघ. ज्या आता काही काम करू शकत नाहीत त्यांना कसं वागवतात? जेवणाच्या टेबलावर चाळिशी-पन्नाशीच्या सिस्टर मोकळेपणाने हसतात का? मठप्रमुख मदरशी मतभेद झाला तर काय करता, असं सरळ विचार. कितीजणी सोडून गेल्या आणि त्यांच्याशी तुमचा संबंध उरलाय का, हेही विचार. त्या प्रश्नाने कुणी चिडलं तर ते लक्षात ठेव. घरच्यांशी बोलू नकोस, फादरना सांगू नकोस, हे आपल्यातच राहू दे, असं कुणी म्हटलं तर तिथून शांतपणे निघ. आपल्या मनातलं सगळं वरिष्ठांपुढे उघड करायला व्रतस्थांनाही भाग पाडता येत नाही, मग तुझी गोष्ट तर दूरच. आणि जीवनाची वाट निवडताना कुणावरही कसलीही बळजबरी होता कामा नये, हा चर्चमधल्या प्रत्येकाचा हक्क आहे.

सोबतीला एक माणूस शोध. त्या सिस्टर नकोत. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच म्हणते. त्यांना त्यांच्या संस्थेसाठी मुली हव्यात, यात गैर काही नाही, पण जो तराजू धरतो त्याने पारड्यावर बोट ठेवू नये. आध्यात्मिक साधना देणाऱ्याने समोरच्याला कुठल्याच वाटेकडे ढकलू नये, हेही इग्नेशियसचंच सांगणं आहे. तुमच्या चर्चच्या धर्मग्रामातले किंवा दुसऱ्या धर्मग्रामातले एखादे फादर, किंवा ज्यांना तुझ्या निर्णयातून काही मिळवायचं नाही अशा कुणी वयस्क सिस्टर शोध. महिन्यातून एकदा तासभर. बायबलमधला शमुवेल आठवतो ना? देवळात झोपलेला मुलगा, हाक आली की उठून याजक एलीकडे धावायचा. तीनदा धावला. हाक त्यालाच येत होती आणि ती कुणाची हे मात्र म्हाताऱ्या, डोळे अधू झालेल्या एलीला कळलं. तेही तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन्ही वेळा तो ‘परत जाऊन झोप’ म्हणाला होता.

पुढे कधी तू गेलीसच, तर वाट किती लांब आहे हे माहीत असू दे. आधी उमेदवारी, तिचा काळ संस्थेप्रमाणे बदलतो. मग नोव्हिशिएट, किमान बारा महिने. त्यानंतर तात्पुरती व्रतं, निदान तीन वर्षं, सहसा सहापर्यंत. मगच आजीवन व्रतं. चर्चने हा रस्ता मुद्दाम लांब ठेवलाय. नोव्हिस कधीही आपणहून निघू शकते, संस्थाही तिला घरी पाठवू शकते, आणि यात कुणाचा गुन्हा नसतो. पहिल्या व्रतांच्या वेळी तुझ्या नावावरची मालमत्ता जात नाही, फक्त तिचा कारभार दुसऱ्याकडे सोपवावा लागतो. वाडीचं काय होणार ही चिंता बाबांना असेल तर हे त्यांना सांग.

गावात मात्र परत आलेल्या मुलीकडे बघायची नजर वेगळी असते. मी आले तेव्हा लग्नकार्यात बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या. दोन-तीन वर्षं मी मिस्साला मागच्या बाकावर बसायचे. आज मागे बघते तर त्या मठातच मी प्रार्थना करायला शिकले, स्वतःचा राग ओळखायला शिकले, आणि लग्नाला ‘हो’ म्हटलं ते मोकळ्या मनाने. लग्न हेही पाचारणच आहे. पवित्र जीवनाची हाक बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच ठासून सांगितलं. तू मठात जाऊन परत आलीस तर तुला मागच्या बाकावर बसायची गरज नाही. आणि कधी गेलीच नाहीस, तरी आज ही हुरहुर वाटली याचं ओझं घेऊ नकोस.

राहता राहिला कॅनडातला मुलगा. बाकी सगळ्याला मी वेळ घे म्हटलं, पण इथे वेळ घेऊ नकोस. तू त्याच्याशी बोलतेस, तो चांगला आहे असं म्हणतेस, आणि त्याला यातलं काहीच माहीत नाही. तो तिकडे स्वप्नं रंगवत असेल, त्याची आई इथे सोन्याचे भाव बघत असेल. मठाचा रस्ता बंद झाला तर हे आहे, असं एखाद्या माणसाला हाताशी ठेवणं बरोबर नाही, आणि तुला ते जमणारही नाही, तुझ्या पत्रातूनच ते कळतं. त्याला खरं सांग. ‘मी सिस्टर होतेय’ असं नको, कारण ते अजून खरं नाही. ‘माझ्या मनात हा प्रश्न आहे, दोन वर्षं तरी मी त्याच्याबरोबर राहणार आहे, तुम्ही माझ्यासाठी थांबू नका,’ एवढंच. तो काय म्हणतो ते ऐक. फोन ठेवल्यावर तुला कसं वाटतंय तेही बघ, आणि वहीत त्या दिवसाच्या दोन ओळी जरा सावकाश लिही.

बघायचा कार्यक्रम ठरायच्या आत हा फोन कर. आईला त्याआधी सांग, तिला बाहेरून कळू देऊ नकोस. आणि त्या आजींचं सगळं मला लिहून पाठव.

तुझी,
ताई